शर्त, शर्थ आणि शर्यत : दिलीप दोंदे यांच्या सागर परिक्रमेच्या निमित्ताने

मराठीतील ‘शर्त’, ‘शर्थ’ आणि ‘शर्यत’ हे तीन शब्द आज एकमेकांपासून इतके दूर गेले आहेत की, ते एकाच मुळातून फुटले आहेत याचे भान सामान्य भाषकास उरलेले नाही. अरबी ‘शर्त’ म्हणजे अट. हा शब्द फारसीच्या द्वारे दफ्तरांत आला आणि तेथून लोकांच्या तोंडी रुळला. मराठवाड्यातील शेतकरी सातबाऱ्यावरील ‘नवीन शर्त’ पाहून आजही दचकतो; तेथे शब्दाचा मूळ अर्थ शाबूत आहे. अट पाळण्यासाठी माणूस जिवाचे रान करतो, म्हणून ‘शर्थ’ हा पराकाष्ठेचा वाचक झाला. दोघांनी अट घालून धावावयाचे ठरविले की ‘शर्यत’ होते. पैकी तिसऱ्या शब्दातून अटीचा अर्थ आता जवळजवळ लोपला असून, प्रतिस्पर्धी आणि त्याच्या पुढे जाणे एवढाच अर्थ शिल्लक राहिला आहे.

प्रस्तुत निबंधाचा विषय भारतीय नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांची नाविक कारकीर्द हा आहे. शिडाच्या होडीतून एकट्याने, कोणाच्याही साहाय्यावाचून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय होत. ही प्रदक्षिणा त्यांनी २००९–१० साली केली. तिच्याविषयी बोलताना प्रत्येक वेळी एक आक्षेप ऐकू येतो : दोंदे यांच्या पुढे किंवा मागे दुसरी होडी नव्हती, घड्याळ लावून कोणी बसले नव्हते, पदक ठेवलेले नव्हते, मग क्रीडेच्या इतिहासात त्यांचे स्थान कोणते? हा आक्षेप वरवर रास्त दिसतो. परंतु तो ‘शर्यत’ या शब्दाच्या उत्तरकालीन, संकुचित अर्थावर उभा आहे असे मला वाटते, आणि तसे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

समुद्रापासून इतक्या दूर, नांदेडात बसून हा विषय हाती का घ्यावा, असेही कोणी विचारील. आमच्या विद्यापीठाजवळ गोदावरी अडवून जो विष्णुपुरीचा जलाशय झाला आहे, त्याचे नाव ‘शंकरसागर’. नांदेड जिल्ह्यातील कंधार येथे राष्ट्रकूटकालीन तलाव आहे. त्याचे नाव त्याहून भारदस्त, ‘जगत्तुंगसमुद्र’. ज्या प्रदेशाने समुद्र पाहिला नाही त्याने आपल्या तळ्यांना समुद्र म्हणावे यात हौसेचा भाग आहे हे खरे; पण केवळ हौसच आहे असे नाही. ज्यांचे बिरुद ‘जगत्तुंग’, ते राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत, आणि लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे इतिहासपंडित मानतात. या घराण्याचा प्रत्यक्ष समुद्राशी काय संबंध होता हे पाहावयाचे तर पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेले शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६ चे ताम्रपट वाचावे. त्यांत संयान म्हणजे संजाण मंडलाचा कारभार मधुमती नावाच्या एका ताजिकाकडे सोपविल्याचा उल्लेख आहे. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे ‘मुहंमद’ या नावाचे संस्कृत रूप. याने तेथे दोन प्रवाहांवर मोफत नौकेची सोय केली आणि वाटसरूंसाठी भात, कालवण व तूप मिळेल असे अन्नछत्र घातले. लातुरास आपले मूळ मानणाऱ्या राजवंशाने पश्चिम किनारा एका अरबाच्या हाती देऊन निश्चिंत असावे, ही गोष्ट आपण पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही. नांदेडचे प्राचीन नावही पाण्याच्या काठचेच आहे. वाकाटक विंध्यशक्तीच्या वाशीम ताम्रपटात ते ‘नांदीकड’ असे येते, पुढे ‘नंदितट’ असेही. ‘कड’ आणि ‘तट’ दोन्ही काठच दाखवितात.

एवढी प्रस्तावना पुरे. आता मुख्य विषयाकडे वळू.

दोंदे यांच्या परिक्रमेची पूर्वपीठिका मुंबईतच, आणि तीही एका इंग्रजाच्या होडीपासून सुरू होते. ब्रिटिश व्यापारी नौदलातील रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण अधिकारी मुंबईस असताना त्याने कुलाब्याच्या एका कारखान्यात सागवानाची बत्तीस फुटी होडी बांधवून घेतली. काम येथल्या सुतारांनी केले. वाकसाने फळ्या तासावयाच्या, हाताच्या सामत्याने भोके पाडावयाची, अशी ती जुनी पद्धत होती. होडीचे नाव ठेवले ‘सुहैली’. इराणी आखातातील अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्यास हे नाव देत. १९६५ साली तो याच होडीतून मुंबईहून मायदेशी निघाला. पुढे १९६८ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्राने ‘गोल्डन ग्लोब’ ही शर्यत जाहीर केली : एकट्याने, कोठेही न थांबता शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची. नऊ जण उतरले. नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी फाल्मथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतला. नवांपैकी शर्यत पुरी करणारा तो एकटाच ठरला. अशी न थांबता केलेली एकट्याची पहिली प्रदक्षिणा मुंबईच्या सुतारांनी घडविलेल्या सागवानावर झाली, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत कधी आली नाही. येत्या काळात ती यावी.

या शर्यतीतील इतर दोघांच्या कथा आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने विजेत्याच्या कथेइतक्याच महत्त्वाच्या आहेत. बर्नार म्वातेसिए हा फ्रेंच नाविक केप हॉर्न ओलांडून पुढे आला होता. त्याला बक्षीस मिळण्याचा संभव होता. त्याने शर्यत सोडली, होडी घराकडे न वळवता तशीच पूर्वेकडे हाकारली आणि ताहितीस जाऊन थांबला. डोनाल्ड क्रोहर्स्ट अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि आपण जग ओलांडीत आहोत अशा खोट्या नोंदी करीत राहिला. त्या खोट्या नोंदींचा भार त्याच्याने सोसवला नाही. १९६९ च्या जुलैत त्याची होडी रिकामी सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने आपले पाच हजार पौंडांचे बक्षीस क्रोहर्स्टच्या कुटुंबास देऊन टाकले. एकाने प्रतिस्पर्धी सोडले, दुसऱ्याने अटी सोडल्या. पहिल्यास आजही नाविक मंडळी आदराने स्मरतात. दुसऱ्याविषयी कीव वाटते. यावरून खलाशांच्या नीतीत स्पर्धकापेक्षा शर्तीला किती मोठे स्थान आहे ते ध्यानात येईल. भर समुद्रात पंच नसतो. शर्त पाळली की नाही हे पाळणारालाच ठाऊक.

भारतात समुद्रपर्यटनाची परंपरा यानंतर हळूहळू रुजली. सेनेच्या अभियंता दलातील अधिकाऱ्यांनी १९८५ ते १९८७ या काळात ‘तृष्णा’ या होडीतून प्रदक्षिणा केली. ती गटाने केलेली होती. एकट्याने प्रदक्षिणा करणारा भारतीय असावा, आणि त्याची होडीही भारतात बांधलेली असावी, ही कल्पना निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी धरून ठेवली. आवटी हे १९७१ च्या युद्धात ‘आय. एन. एस. कामोर्टा’ या युद्धनौकेवर होते; त्यांना वीरचक्र मिळाले होते. निवृत्तीनंतर ते फलटणजवळील विंचुर्णी या गावी राहत. सातारा जिल्ह्याच्या त्या दुष्काळी टापूतून महासागराची स्वप्ने पाहणारा हा माणूस म्हणजे आमच्या ‘जगत्तुंगसमुद्रा’च्या वंशातलाच म्हणावयाचा. २०१८ च्या नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले. नौदलाने ही कल्पना स्वीकारली आणि २००६ साली अधिकाऱ्यांना आवाहन केले. पुढे आले ते दोंदे.

दोंदे तेव्हा नौदलातील पाणबुडे अधिकारी होते. लहान शिडाच्या होड्या त्यांनी चालविल्या होत्या. महासागर एकट्याने ओलांडला नव्हता. या कामाचे शिक्षण देणारी शाळा नव्हती, म्हणून ते थेट नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे गेले. हा वृद्ध नाविक त्याच वर्षी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, एकट्याने करावयाच्या दुसऱ्या एका जागतिक शर्यतीत उतरण्याच्या तयारीत होता. त्याच्या होडीच्या तयारीत हातभार लावीत दोंदे शिकले. गुरूच्या घरी लाकडे फोडून विद्या मिळविण्याचा आपल्याकडील जुना प्रकार तो हाच. शिवाय, मुंबईत घडलेल्या होडीच्या धन्याकडे मुंबईचा शिष्य गेला, याला काही अर्थ आहे.

पुढची तीन वर्षे मला या कारकीर्दीतील सर्वांत मोलाची वाटतात, आणि त्यांच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा होड्या बांधण्याचा छोटा कारखाना आहे. महासागरी शिडाची होडी तेथे पूर्वी कधी बांधली नव्हती. आराखडा डच, लाकडी गाभा आणि त्यावर काचतंतूंचे कवच, लांबी छप्पन्न फूट. बांधणी चालू असता दोंदे तेथेच तळ देऊन राहिले. ज्याला एकट्याने समुद्रात जावयाचे, त्याला होडीतील प्रत्येक खिळा, प्रत्येक दोरी, पाण्याची प्रत्येक नळी ठाऊक पाहिजे. बिघाड झाला तर हाक मारावयास कोणी नाही. त्यांनी नंतर लिहिलेल्या ‘द फर्स्ट इंडियन’ या पुस्तकात प्रवासाच्या बरोबरीने या बांधणीची हकीकत येते, ती यामुळेच. २००९ च्या फेब्रुवारीत होडी नौदलात दाखल झाली. कोलंबो आणि मॉरिशसपर्यंत सराव झाला.

होडीचे नाव ‘म्हादई’. मांडवी नदीचे हे वरच्या अंगाचे नाव. येथे भाषेच्या अभ्यासकास क्षणभर थांबावेसे वाटते. ‘महादेवी’तील वकार लोपून ‘महादेई’, आणि आरंभीच्या ‘मह’चा महाप्राण एकवटून ‘म्हादई’ अशी ही वाट आहे. महानुभाव पंथातील महदाइसा, मराठीची आद्य कवयित्री, हिच्या नावाचा पूर्वार्धही याच वळणाचा. आमच्या गोदाकाठच्या गद्यात वावरणारे नाव गोव्याच्या नदीवरून एका होडीवर जाऊन दक्षिण ध्रुवसमुद्राच्या सीमेपर्यंत गेले. यापुढे महदाइसेवर व्याख्यान देताना मी ही गोष्ट सांगितल्यावाचून राहत नाही; विद्यार्थी तेवढ्यापुरते जागे होतात.

१९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. प्रदक्षिणेच्या शर्ती पुढीलप्रमाणे मानल्या जातात : जेथून निघावे तेथेच परतावे, विषुववृत्त किमान दोनदा ओलांडावे, सर्व रेखावृत्ते ओलांडावीत, कालव्यातून जाऊ नये, म्हणजे सुवेझ व पनामा वर्ज्य, आणि एकूण अंतर २१,६०० सागरी मैलांहून कमी नसावे. या शेवटच्या आकड्याकडे वाचकाचे लक्ष वेधतो. वर्तुळाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाच्या ६० कला. म्हणून परिघाच्या २१,६०० कला. पृथ्वीच्या परिघावरील एक कला म्हणजेच एक सागरी मैल. आपल्या ज्योतिषग्रंथांना हा हिशेब अपरिचित नाही. आणि कीर्तन ऐकणाऱ्या प्रत्येक वारकऱ्यास हाच आकडा वेगळ्या कारणाने पाठ असतो : माणूस अहोरात्रात २१,६०० श्वास घेतो आणि तितका अजपाजप त्याच्याकडून नकळत घडतो. दोन्ही आकड्यांचे मूळ एकच आहे की काय, या वादात येथे शिरत नाही; पण एका श्वासास एक मैल असे धरून समुद्रावरचे ते महिने मनापुढे आणले, तर पल्ल्याची कल्पना नुसत्या अंकापेक्षा बरी येते.

मार्ग पश्चिमेकडून पूर्वेकडे. कारण दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या पुढे जमिनीचा अडथळा जवळजवळ नाही. पश्चिमेचे वारे पृथ्वीभोवती मोकळे धावतात आणि शिडाला पाठीमागून रेटतात. भूगोलाच्या पुस्तकांत यांना ‘गरजणारे चाळीस’ म्हटलेले असते. दोंदे यांनी चार ठिकाणी मुक्काम केला : ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन. लीउविन, हॉर्न आणि गुड होप ही तिन्ही मोठी भूशिरे त्यांनी वळसा घालून ओलांडली. पैकी हॉर्न हे दक्षिण अमेरिकेचे टोक सर्वांत अवघड. तेथे दक्षिणेच्या उन्हाळ्यातच पोहोचले पाहिजे, आणि मुंबईस मोसमी पाऊस फुटण्यापूर्वी परतले पाहिजे. अवघ्या प्रवासाचे वेळापत्रक या दोन ऋतूंच्या कैचीत बसवावे लागते. ते जानेवारी २०१० मध्ये हॉर्नवरून गेले. मे महिन्यात म्हादई मुंबईच्या बंदरात आली आणि २२ मे २०१० रोजी उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांच्या उपस्थितीत त्यांचे स्वागत झाले. त्यांना शौर्यचक्र देण्यात आले.

एकटा माणूस रात्री काय करतो, हा प्रश्न विद्यार्थी हटकून विचारतात. वाऱ्याच्या दिशेचा कानोसा घेऊन आपोआप फिरणारे सुकाणू होडीवर असते. ते होडी धरून ठेवते, परंतु वारा फिरला तर होडीही त्याच्याबरोबर फिरते. शिवाय जहाजांची वाट, हिमनग, तुटलेली दोरी हे त्यास दिसत नाही. म्हणून झोप तुकड्यातुकड्यांनी घ्यावयाची. कुणब्यास खळ्यावर राखण करताना जशी झोप लागते तशी, कान उघडे ठेवून. नऊ महिन्यांच्या अवधीत मुक्कामाचे दिवस वजा जाता बाकी सर्व काळ अशा झोपेवर काढावयाचा, यात कोणाच्या पुढे जाण्याचा प्रश्न नसला तरी शर्थ आहे हे कोणी नाकारील असे वाटत नाही. शर्ती तर वर दिल्याच आहेत. ‘शर्यत’ या शब्दाचे दोन पाय येथे घट्ट रोवलेले आहेत; तिसरा, म्हणजे प्रतिस्पर्धी, तेवढा नाही. मराठीत याहून जुना असा एक शब्द आहे : ‘पैज’. संस्कृत ‘प्रतिज्ञा’पासून प्राकृताच्या वाटेने तो आला, आणि मूळ अर्थाने स्वतःशी केलेली पैज हीच खरी पैज होय. दोंदे यांची परिक्रमा या अर्थाने पैज होती.

अर्थात रूढ अर्थाच्या शर्यतीही म्हादईने केल्या. २०११ च्या आरंभी केप टाउनहून रिओपर्यंतच्या शर्यतीत ती उतरली होती. दोंदे यांच्या परिक्रमेत किनाऱ्यावरून साहाय्य करणारे अभिलाष टॉमी यांनी त्याच होडीतून १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबई सोडली आणि कोठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी ते परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. गोल्डन ग्लोबला पन्नास वर्षे झाली म्हणून २०१८ मध्ये तीच शर्यत जुन्याच साधनांनी पुन्हा भरविण्यात आली. टॉमी यांच्यासाठी दांडेकरांनी ‘सुहैली’च्या घाटाची ‘तुरीया’ बांधली. म्हणजे मुंबईची होडी पन्नास वर्षांनी गोव्यात पुन्हा जन्मली. २१ सप्टेंबर २०१८ रोजी हिंदी महासागरात वादळाने तुरीयाच्या डोलकाठ्या मोडल्या. टॉमी यांच्या पाठीस जबर इजा झाली. तीन दिवसांनी एका फ्रेंच नौकेने त्यांना उचलले. हा माणूस पुन्हा उभा राहिला, २०२२ च्या शर्यतीत उतरला आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरा आला. सोळा स्पर्धकांपैकी तिघांनीच ती पुरी केली. दोंदे यांच्या पैजेतून टॉमी यांची शर्यत निघाली, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो. स्त्री अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’तून केलेल्या दोन परिक्रमा, सहा जणींची २०१७–१८ मधील आणि दोघींची २०२४–२५ मधील, याच ओळीतील होत. तारिणीही दांडेकरांच्याच कारखान्यातली.

बंदरातील छोट्या होड्यांच्या शर्यतींची परंपरा मात्र वेगळी आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील या शर्यती मुंबईत झाल्या आणि फरोख तारापोर व झरीर करंजिया यांनी तेथे सुवर्णपदक मिळविले. तारापोर पुढे तीन ऑलिंपिक स्पर्धांत उतरले. मराठवाड्याच्या दृष्टीने लक्षणीय म्हणजे सिकंदराबादच्या लष्करी केंद्रामुळे हुसेनसागर तलाव या खेळाचे मोठे स्थान बनला. नांदेड आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील लातूर १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होते, त्याची राजधानी ती. तळ्यावर शिडे उभी राहू शकतात हे आमच्या जुन्या राजधानीने दाखविले. आमचे ‘सागर’ मात्र पाटाचे पाणी देण्यात गुंतले, आणि दुष्काळी प्रदेशाने त्यास नावे ठेवू नयेत.

आता एक खंत. दोंदे यांनी आपली हकीकत इंग्रजीत लिहिली. त्यात त्यांचा दोष नाही. नौदलाची भाषा ती आहे. परंतु मराठीत वृत्तपत्रांनी तिचे जे वर्णन केले, त्यात ‘शीड’, ‘होडी’ आणि ‘सुकाणू’ यांपलीकडे शब्दच आढळत नाहीत. मोल्सवर्थच्या कोशात, विशेषतः १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत, किनाऱ्यावरील खलाशांचे शब्द मुबलक आहेत. शिडाच्या आडव्या काठीला, मागच्या शिडाला, शिडाच्या प्रत्येक कोपऱ्याच्या दोरीला वेगळे नाव आहे. हे शब्द मेले म्हणावे, तर त्यांतील काही आमच्या दाराशी जिवंत आहेत, फक्त वेष पालटून.

‘मतलई वारे’ हा शब्द लातूरच्या शाळेतला मुलगाही भूगोलात पाठ करतो : रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे ते मतलई, दिवसा समुद्रावरून येणारे ते खारे. पश्चिम किनाऱ्यावर जमीन पूर्वेस. म्हणून मतलई हा उगवतीचा वारा. अरबी ‘मतला’ म्हणजे उगवण्याचे स्थान. आणि गझलेच्या पहिल्या द्विपदीस ‘मतला’ म्हणतात तोही हाच शब्द. वली आणि सिराज यांच्या औरंगाबादेचा वारसा सांगणाऱ्या मराठवाड्यास मतला ठाऊक आहे. तोच शब्द पहाटे कोकणातला मचवा समुद्रात लोटतो हे ठाऊक नाही. ‘नांगर’ची कथा आणखी बोलकी आहे. जहाज थोपविणाऱ्या लोखंडी आकड्यास फारसीत ‘लंगर’ म्हणतात. मराठी खलाशाने तो शब्द उच्चारला तेव्हा त्यास आपला, संस्कृत ‘लांगला’पासून आलेला शेतीचा नांगर आठवला, आणि दोन्ही एक झाले. याच फारसी शब्दाचा दुसरा अर्थ अन्नछत्र. नांदेडात गुरुद्वाऱ्याचा लंगर अष्टौप्रहर चालतो. त्या पंगतीत बसलेल्या यात्रेकरूच्या पानात, शिवारातील तासात आणि म्हादईच्या नाळेवर, तिन्ही ठिकाणी एकाच उच्चाराचे शब्द नांदत आहेत. मधुमतीने संजाणास नौका आणि अन्नछत्र एकत्र घातले होते, हेही येथे आठवते.

२०१६ च्या उन्हाळ्यात तोंडी परीक्षा घेत असता लातूर जिल्ह्यातील एका विद्यार्थ्यास मी ‘शीड’ या शब्दाचा अर्थ विचारला. त्याच एप्रिलात मिरजेहून लातुरास रेल्वेने पाणी आले होते. तो म्हणाला, “सर, आमच्याकडं पाणी रुळावरून येतं. शीड कुठं लावायचं?” सोबतचे परीक्षक हसले, मला हसू आले नाही. मी त्यास मोल्सवर्थमधील शिडांच्या दोऱ्यांची नावे उतरून काढावयास सांगितले. शिक्षा म्हणून नव्हे, पण त्याला ती शिक्षाच वाटली असावी.

आठ-दहा दिवसांनी तो यादी घेऊन आला. शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणाऱ्या दोरीचे नाव ‘दामण’ असे त्यात होते आणि त्यापुढे त्याने शिसपेन्सिलीने लिहिले होते : “हीच आमची दावण का?” गुरे बांधावयाच्या दोरीस दावण म्हणतात, आणि ती संस्कृत ‘दामन्’पासून आली याविषयी वाद नाही. मी त्यास सांगितले की शिडाच्या दामणीवर फारसी ‘दामन’, म्हणजे वस्त्राचा पदर, याचाही हक्क पोहोचतो, कारण शीड हेही वस्त्रच आहे. आणि नांगराच्या बाबतीत झाले तसे येथेही दोन शब्द खलाशाच्या तोंडी एक झाले असावेत. त्याचे समाधान झाले नाही. त्या साली त्यांच्या घरची गुरे चारा-छावणीत होती आणि दावण रिकामी पडली होती, असे तो म्हणाला. मग त्याने विचारले की, होडीवर एकटा माणूस असला आणि वारा फिरला, तर ही दामण तो एका हाताने सोडतो की दोन्ही.